बारडोलीच्या हिशेबात नसलेली माणसे

बारडोलीचे नाव मराठी वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. १९२८ साली त्या तालुक्यातील शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली वाढीव सारा देण्याचे नाकारले, जप्त्या सोसल्या, गुरे आणि भांडीकुंडी सरकारच्या हाती जाऊ दिली, आणि अखेर मुंबई सरकारला चौकशी मान्य करावी लागली. या लढ्याची वीरकथा सर्वांना ठाऊक आहे. त्याचा गाभा मात्र हिशेबाचा होता हे पुष्कळदा विसरले जाते. सारा वाढवण्याची शिफारस ज्या अहवालावर उभी होती त्यातील आकडे नीट पडताळून पाहिलेलेच नाहीत, तेव्हा निःपक्षपाती चौकशी करा, एवढेच शेतकऱ्यांचे मूळ म्हणणे होते. जमाबंदी अधिकाऱ्याने तीस टक्के वाढ सुचवली होती, सरकारने बावीस टक्के ठरवली होती. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा सहा टक्क्यांच्या आसपासच्या वाढीलाच काय तो आधार सापडला. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा फर्मावणारेच न्यायाधीश होत. कागद खरा असावा एवढा आग्रह धरला की परकीय न्यायाधीशालाही तो मानावा लागतो, हे बारडोलीने दाखवले.

त्याच बारडोलीत, आणि सुरतेपासून व्याऱ्यापर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात, आज एक फार मोठा वर्ग कोणत्याच कागदावर नाही. तो लहान बांधकाम ठेकेदारांकडे राबणारा मजूर होय. आमच्या राज्याच्या वर्तमानपत्राने गुजरातेतील एका तालुक्याची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भूगोलातच आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावर बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार ही स्थानके एका ओळीत येतात; सुरत-धुळे हमरस्ताही याच वाटेने जातो. नवापूर, साक्री, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतून दिवाळीनंतर जी माणसे बोचकी बांधून निघतात, त्यांतील मोठा भाग पुण्या-मुंबईकडे न वळता पश्चिमेला उतरतो. अहिराणी, मावची आणि भिली या बोली दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडात आणि विटांच्या ढिगाऱ्यांवर जेवढ्या ऐकू येतात, तेवढ्या आमच्या मंत्रालयाच्या कानी कधी पडत नाहीत.

या प्रदेशातील रोजगाराने गेल्या शतकात कशी वळणे घेतली हे पाहिल्याखेरीज आजची स्थिती उमगणार नाही. सत्याग्रहाच्या काळी बारडोलीची शेती हाळी प्रथेवर चालत असे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी दुबळा जातीचा मजूर धणियामोच्या, म्हणजे मालकाच्या, घरी बायकोमुलांसह जन्मभर राबे. गांधीजींनी त्यांना 'हळपती' हे मानाचे नाव दिले. १९२८ च्या लढ्यात साऱ्याचा प्रश्न सुटला; हाळ्याच्या कर्जाचा सुटला नाही. पुढे हाळी प्रथा मोडली खरी, परंतु ती कायद्याने जेवढी मोडली त्याहून अधिक बदललेल्या शेतीने मोडली. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, १९५५ साली बारडोलीत सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली, आणि बारमाही चाकर पोसण्याची मालकाला गरज उरली नाही. हळपती मोकळा झाला आणि त्याच वेळी त्याचे हक्काचे कामही गेले.

आता सहज वाटेल की दारात एवढा मोठा कारखाना उभा राहिल्यावर गावच्या हळपतीला तोडणीचे काम मिळाले असेल. तसे झाले नाही. तोडणीसाठी खानदेशातून आणि डांगातून टोळ्या आणल्या गेल्या. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून दक्षिण गुजरातची गावे पायाखाली घातली आहेत. बारडोलीच्या साखर कारखान्यांवर १९७८ साली लिहिताना त्याने हेच कोडे मांडले होते: स्थानिक मजूर रिकामा बसलेला असताना दूरचा मजूर कशासाठी? त्याचे उत्तर कोणाही अनुभवी मुकादमाला पाठ आहे. परका मजूर उचल घेऊन येतो, म्हणून मध्येच सोडून जात नाही. तो फडातच झोपतो, म्हणून रात्री दोन वाजताही गाडी भरायला उठवता येतो. आजारी नातेवाईक, गावची जत्रा, सोयरीक यांपैकी कशासाठीही तो सुटी मागत नाही, कारण हे सारे तो दोनशे कोस मागे टाकून आलेला असतो. स्थानिक माणूस संध्याकाळी घरी जातो. घर असणे हाच त्याचा दोष!

ही उसाच्या फडातील रीत पुढे जशीच्या तशी बांधकामावर आली, हे आमच्या मते या प्रदेशातील रोजगाराचे सर्वांत ध्यानात घेण्याजोगे वळण आहे. साऱ्या देशातच शेतीतून सुटलेला माणूस कारखान्यात न जाता बांधकामावर गेला. २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दर शंभर कामकऱ्यांत बांधकामावरचे सहादेखील नव्हते. २०११-१२ मध्ये ते दहाच्या वर गेले. २०२३-२४ च्या पाहणीत ते बाराच्या आसपास होते. बारडोलीसारख्या गावी या लाटेला आणखी एक पाणी मिळाले. इथल्या पाटीदार घराण्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेत, इंग्लंडात, अमेरिकेत गेली. त्यांनी पाठवलेला पैसा गावाकडे घरांच्या रूपाने उभा राहिला. संगमरवरी ओटे, नक्षीदार कठडे, दाराला कुलूप, आणि वर्षातून एक महिना दिव्यांची रोषणाई, असे बंगले या तालुक्यात गावोगाव आहेत. ते कोणी बड्या कंपनीने बांधलेले नाहीत. कालपर्यंत स्वतःच ओळंबा धरणाऱ्या आणि आज मोटारसायकलवरून तीन-चार कामे पाहणाऱ्या लहान ठेकेदाराने ते बांधले आहेत.

हा ठेकेदार कसा काम करतो हे समजून घेतले पाहिजे, कारण सरकारचा कायदा त्याला कधी समजलेला दिसत नाही. सिमेंट, लोखंड, रेती घरमालक आणतो. ठेकेदार चौरस फुटाच्या दराने फक्त मजुरी अंगावर घेतो. पाया खणायला एक टोळी, सेंट्रिंगला दुसरी, लोखंड वाकवायला तिसरी. विटकाम आणि गिलावा यांची माणसे निराळी. फरशी बसवणारे राजस्थानकडचे, रंगारी आणखी कुठले. प्रत्येक टोळीत चार-पाच माणसे, प्रत्येकीचा मुकादम वेगळा. ठेकेदाराकडे पगारी माणूस म्हणाल तर एखादा मिस्त्री आणि रात्री सामान राखणारा एक म्हातारा. हजेरीपुस्तक नाही, मुकादमाच्या खिशातील वही हेच मस्टर. दोन दशकांपूर्वीपर्यंत असा ठेकेदार पाच-सहा गवंडी बारमाही जवळ बाळगी, त्यांच्या हाताखाली पोरे तयार होत, आणि बिगारी म्हणून आलेला मुलगा पाच-सात वर्षांत थापी धरी. कामांची संख्या वाढली तशी ही शाळा मोडली. आता तयार टोळी फोनवर मिळते. शिकवण्याचा खर्च आणि पावसाळ्यात सांभाळण्याची जबाबदारी दोन्ही टळतात. काम वाढले, कामकरी वाढले, आणि टिकाऊ नोकरी मात्र कमी झाली.

स्त्रियांची गोष्ट तर याहून वाईट. उसाच्या फडात कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि तिची मजुरी नवऱ्याच्या हाती. बांधकामावर तिला स्वतंत्र रोज मिळतो, एवढी सुधारणा मान्य केली पाहिजे. परंतु डोक्यावरचे घमेले उतरून तिच्या हाती थापी आल्याचे उदाहरण शोधूनच काढावे लागते. वीस वर्षे वाळू वाहणारी बाई वीस वर्षांनंतरही बिगारीच राहते. आता कालवलेले काँक्रीट गाडीतून येऊ लागले आहे आणि नळीने वर चढते आहे. तेव्हा जे काम यंत्राने आधी हिरावले ते घमेल्याचेच, म्हणजे तिचेच.

या सगळ्या व्यवहारात कायद्याला 'दहा' हा आकडा फार प्रिय आहे. बांधकाम मजुरांसाठी पहिला स्वतंत्र केंद्रीय कायदा १९९६ साली झाला. तो करून घेण्यासाठी संघटनांना दहा-अकरा वर्षे झगडावे लागले. ज्या आस्थापनेत गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा वा अधिक बांधकाम मजूर होते तिला तो लागू होई; कोणी आपल्या राहण्यासाठी दहा लाखांच्या आत घर बांधले तर ते मात्र वगळले होते. शिवाय बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यातून कल्याणकारी मंडळ चालवावे, अशी योजना होती. कायदा चांगला होता. 'कोणत्याही एका दिवशी' या शब्दांत तर मोठीच खुबी होती. ज्या दिवशी स्लॅब पडतो त्या दिवशी लहानशा बंगल्यावरही वीस-पंचवीस माणसे असतात. मोजणारा कोणी असता तर ते एक काम साऱ्या ठेक्याला कायद्याखाली आणायला पुरे होते. मोजणारा आला नाही. पैसा मात्र जमत गेला. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा देशभरात ३७,४०० कोटी रुपयांवर उपकर गोळा झाला होता आणि मजुरांसाठी त्यातले सुमारे ९,५०० कोटीच खर्ची पडले होते. न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यांची उपेक्षा करण्यात राज्याराज्यांत फारसा मतभेद झाला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाला. संहितांत काहीच चांगले नाही असे म्हणण्याइतके आम्ही एकांगी नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या कायद्यात ठेकेदाराने आणलेलाच मजूर धरला जाई. आता आपल्या पायांनी परराज्यात जाऊन काम धरणाराही त्या व्याख्येत आला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु बांधकामाच्या बाबतीत दहाचा उंबरठा तसाच राहिला, आणि स्वतःच्या राहत्या घराची दहा लाखांची मर्यादा पन्नास लाखांवर गेली. ती आणखी वाढवण्याची मुभा सरकारला आहेच.

या पन्नास लाखांचा बारडोलीत अर्थ काय होतो? मुंबईत पन्नास लाखांत खोलीही येत नाही, म्हणून दिल्लीतील अधिकाऱ्यास हा आकडा किरकोळ वाटला असेल. तालुक्याच्या गावी केवळ बांधकामावर पन्नास लाख खर्चणे म्हणजे ऐसपैस दुमजली घर झाले. लहान ठेकेदाराचा बहुतेक धंदा याच्या आतला. दुकानांचे गाळे, चाळी, लहान सदनिका या सवलतीत येत नाहीत हे खरे, पण तिथे दहाचा उंबरठा आडवा येतो. म्हणजे एका बाजूने माणसे कमी म्हणून आणि दुसऱ्या बाजूने घर मालकाचे म्हणून, लहान बांधकाम कायद्याच्या दोन्ही दारांतून बाहेर जाते. उपकर नाही, तपासणी नाही, आणि बांधकामाच्या सुरक्षेच्या ज्या खास तरतुदी आहेत त्याही नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या बांबूवरून पडणाऱ्या माणसाला खाली घर कोणाचे आहे यावरून हाडे कमीअधिक मोडत नाहीत, ही साधी गोष्ट संहिता करणाऱ्यांच्या ध्यानी कशी आली नाही?

याहून बिकट पेच नोंदणीचा आहे. मंडळाचा लाभ मिळण्यासाठी मजुराचे वय अठरा ते साठ असावे लागते आणि मागील बारा महिन्यांत त्याने किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. आता 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येतूनच लहान कामे वगळली असतील, तर कायदा शब्दशः वाचणारा एखादा कारकून म्हणेल की या बंगल्यावर तू भरलेले साठ दिवस ते दिवसच नव्हेत. वर्षभर विटा उचललेला मजूर बांधकाम मजूर नाही! असे कोणी प्रत्यक्ष म्हणण्याची वाट न पाहता दोन्ही राज्यांनी आपल्या नियमांत हा संशय फेडून टाकला पाहिजे. आणि नव्वद दिवसांचा दाखला द्यायचा कोणी? बारा महिन्यांत सात मुकादम आणि चौदा घरमालक बदललेल्या माणसाने कोणाच्या दारात उभे राहावे? या अडचणीतूनच दाखले विकणारा दलाल जन्माला येतो. आमच्याकडच्या मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी ज्या रांगा लागल्या त्यांत थापी न धरलेले हात किती होते, याच्या तक्रारी वेळोवेळी छापून आल्या आहेत. खरा गवंडी त्या वेळी परराज्यात कुणाचा तरी जिना बांधत असतो.

यावर लहान ठेकेदारांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते सर्वस्वी खोटे नाही. चौरस फुटाचा दर घासाघीस करून ठरवलेला. मालक परदेशात, पैसे हप्त्याने. सिमेंटचे भाव चढले की काम थांबते आणि टोळी मात्र जेवायला मागते. अशा माणसावर चार विवरणपत्रे आणि पाच नोंदवह्या लादल्या तर तो धंदा तरी सोडील किंवा साहेबाला तरी सांभाळील. दुसरे घडण्याचाच संभव अधिक. म्हणून ठेकेदाराच्या मागे निरीक्षकांची फौज लावा असे आम्ही म्हणणार नाही. ज्या धंद्यात मालक रोज बदलतो तिथे मालकाच्या वहीत मजूर शोधणे हीच मूळ चूक आहे.

महाराष्ट्राने यावर १९६९ सालीच वाट काढली होती. माथाडी हमालालाही एक मालक नव्हता. सकाळी एका पेढीची पोती, दुपारी दुसरीची. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून जो माथाडी कायदा झाला त्याने मजूर मंडळाकडे नोंदवला, मालकही मंडळाकडे नोंदवला. मजुरी आणि तिच्यावरचा आकार मंडळात जमा, आणि भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी मंडळाकडून. मालक कितीही बदलोत, वही एकच. त्या मंडळांत पुढे काय काय शिरले हे आम्ही जाणतो. गुंडगिरीच्या तक्रारी आहेत आणि त्या साऱ्याच बनावट नाहीत. तरीही हमालाच्या मुलाला शाळेत घालण्याइतकी निश्चिंती ज्या थोड्या कायद्यांनी दिली त्यांत हा एक आहे. गुजरातनेही १९७९ साली असंरक्षित अंगमेहनती कामगारांसाठी याच धर्तीचा कायदा केलेला आहे. तेव्हा कल्पना परकी नाही आणि नवीही नाही. नाक्यावरच्या बांधकाम मजुराला ती लावायची आहे, इतकेच.

गुजरातेत ज्याला कडियानाका म्हणतात आणि आपण मजूर अड्डा म्हणतो, तिथे सकाळी सात ते नऊ या वेळात मंडळाचा माणूस बसला, आणि आज कोण कोणाकडे गेला एवढे त्याने मांडून ठेवले, तर नव्वद दिवसांच्या दाखल्याचे सोंग संपते. नगरपालिका आणि ग्रामपंचायत बांधकामाचा परवाना देतातच. त्या परवान्याबरोबर मजुरांची नावे ठेवण्याचे एक पुस्तक मालकाला द्यावे आणि ते भरून परत आल्याखेरीज घर वापरण्याचा दाखला देऊ नये. घर पन्नास लाखांचे असो की पाच लाखांचे. परदेशी राहणाऱ्या मालकाला घराच्या वास्तुशांतीची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. त्याला मजुरांची नावे ठाऊक असणे अवघड जाऊ नये.

नाव लिहिलेले असण्याने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी १९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवावी. याच सुरत जिल्ह्यात, कोसंब्याजवळ किम-मांडवी रस्त्याच्या कडेला मजूर झोपले होते. भरधाव डंपर त्यांच्यावरून गेला आणि पंधरा जीव गेले. बहुतेक राजस्थानातील बांसवाड्याकडचे होते. ते रस्त्यावर का झोपले होते हा प्रश्न त्या आठवड्यात विचारला गेला. त्यांना झोपायला जागा देणे कोणाचे काम होते, हा फारसा नाही. त्याआधी एक वर्षही झाले नव्हते, सुरतेहून हजारो मजूर टाळेबंदीत बायकापोरांसह पायी निघाले होते; त्यांत आपल्या खानदेशाकडे चालत आलेलेही होते. तेव्हा दोन्ही सरकारे माणसे किती आणि कुठली हेच विचारत राहिली. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि देशभर कोट्यवधी नावे चढली. मजूर आहे एवढे ते कार्ड सांगते. आज तो कोणाकडे आहे हे सांगत नाही. अपघात झाला की प्रश्न नेमका तोच असतो. नुकसानभरपाई मागण्याचा हक्क लहान ठेकेदाराच्या मजुरालाही आहे, पण मालक कोण हे सिद्ध करण्याचे ओझे नंदुरबारच्या डोंगरातील विधवेने उचलायचे. मुकादम ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार घरमालकाकडे, आणि घरमालक लंडनला असतो.

बारडोलीच्या हळपतीचा प्रश्नही याच नोंदीशी बांधलेला आहे. तो खानदेशी मजुराचा शत्रू नाही, पण आजचा व्यवहार त्याला तसा बनवतो आहे. बाहेरच्याला कमी दराने, बारा-बारा तास, जागेवर झोपवून राबवता येते, म्हणून घरी जाणारा मागे पडतो. दोघांचा दर एकाच वहीत उघड लिहिला जाऊ लागला तर ठेकेदाराला बाहेरचा माणूस आणण्याचे आकर्षण पुष्कळ कमी होईल. आणि मग आमच्या नवापूर-अक्कलकुव्याच्या माणसाला जावे लागले तरी तो स्वस्त म्हणून नव्हे, कारागीर म्हणून जाईल. त्याला जावेच लागू नये यासाठी रोजगार हमी ज्या राज्यात जन्मली त्या राज्याने त्या डोंगरात काय केले, हा प्रश्न वेगळ्या अग्रलेखाचा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही.

तूर्त मागणे लहान आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. प्रवासी तिथे कौतुकाने छायाचित्रे काढतात. दोन्ही राज्यांच्या मंडळांनी या दिवाळीनंतर त्या फलाटावर दोन टेबले शेजारी शेजारी मांडावी. महाराष्ट्राच्या टेबलावर मजुराचे नाव आणि नोंदणी क्रमांक घ्यावा, गुजरातच्या टेबलावर तो कोणत्या गावी, कोणत्या मुकादमाबरोबर चालला आहे ते लिहावे, आणि एकाची वही दुसऱ्याने खरी मानावी. गाडी सुटण्याआधी होण्यासारखे हे काम आहे. नंदुरबार आणि तापी जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकमेकांना एक पत्र लिहिले तरी त्याला आरंभ होईल.